गावच्या मुलांच्या जागा

ज्या शाळेत मी पंचवीसेक वर्षं इतिहास शिकवला, तिच्या फाटकासमोरून मी आता जात नाही. बाजारात जायचं असलं की चर्चच्या मागच्या गल्लीतून वळसा घालते. त्या गल्लीला चढ आहे, माझा उजवा गुडघा कुरकुर करतो, पण फाटकाशी कुणी ओळखीचं भेटण्यापेक्षा ते बरं. माझा शाळेवर राग आहे असं गावात बोललं जातं. ते खरं नाही. माझा राग एका व्यक्तीवर आहे, आणि ती अकरा वर्षांची होती तेव्हापासून मी तिला ओळखते.

आम्ही या देशात आलो ते माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. ते लेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. सगळे सांगत होते, बेलग्रेव्ह रोडच्या आसपास घर घ्या, कढीपत्ता, कोकम सगळं दाराशी मिळेल. पण त्यांना मोकळी हवा हवी होती, म्हणून लेस्टरपासून बसने पाऊण तासावरच्या या लहानशा गावात आम्ही घर घेतलं. महिन्यातून एकदा बेलग्रेव्ह रोडला जाऊन डाळी आणि पिठं भरून आणायची, एरवी इथल्या लोकांत राहायचं. पुण्यात मी इतिहासात एम.ए. केलं होतं. इथे शिक्षकीचा कोर्स पुन्हा केला आणि आमची मुलगी शाळेत जायला लागल्यावर गावातल्याच जुन्या ग्रामर स्कूलमध्ये मला नोकरी मिळाली. कपाळावर टिकली लावून शिकवणारी तिथली मी पहिलीच.

त्या शाळेची गोष्ट आधी सांगायला हवी. ट्यूडर राजांच्या काळात या गावात लोकरीचा एक व्यापारी होता. त्याचे दोन्ही मुलगे तापाने गेले. मागे कुणीच उरलं नाही, तेव्हा त्याने आपली मेंढ्यांची कुरणं आणि बाजारातली घरं मृत्युपत्र करून एका शाळेसाठी ठेवली. त्यांच्या भाड्यातून एक मास्तर नेमावा, आणि त्याने या गावातल्या गरिबांच्या मुलांना काहीही न घेता ग्रामर शिकवावं. ग्रामर म्हणजे तेव्हा लॅटिनचं व्याकरण. चर्चमध्ये, कोर्टात, दरबारात, कुठेही वर जायचं तर लॅटिन लागायचं. चांभाराच्या मुलालाही ते मिळावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

इंग्लंडभर अशा शाळा आहेत. कुणी कापडवाला, कुणी बिशप, कुणी विधवा बाई मरताना काहीतरी ठेवून गेली आणि गावाला शाळा मिळाली. पुढे बऱ्याच शाळांचं साधारण सारखंच झालं. लॅटिन शिकवावं असं मृत्युपत्रात होतं म्हणून मास्तर दुसरं काही शिकवेना. गावातल्या लोकांना हिशेब आणि इंग्रजी हवं होतं, म्हणून ते मुलं पाठवेनात. मग मास्तर बाहेरगावची पैसेवाली मुलं आपल्या घरात ठेवून घेऊन त्यांना शिकवायला लागला, आणि गरिबांसाठी ठेवलेला पगारही घेत राहिला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सरकारने या शाळांची घडी नव्याने बसवली. शाळा चांगल्या चालायला लागल्या, पण 'फुकट' हा शब्द बऱ्याच ठिकाणी गळून पडला. आणखी शंभर वर्षांनी कायदे पुन्हा बदलले. काही शाळा सरकारी झाल्या, आमच्यासारख्या काही खासगी झाल्या आणि सरसकट फी घेऊ लागल्या. आमच्या विश्वस्तांनी मात्र एक गोष्ट टिकवून धरली होती. संस्थापकाच्या जमिनीच्या उत्पन्नातून दरवर्षी गावातल्या थोड्या मुलांना पूर्ण फुकट प्रवेश द्यायचा. त्यांना सगळे 'गावच्या जागा' म्हणायचे. त्या कुरणांवर आता सुपरमार्केट आणि त्याचं कार पार्क आहे. त्या कार पार्कच्या भाड्यावर कुणा बसड्रायव्हरची मुलगी केमिस्ट्री शिकते, हे मला फार आवडायचं.

दरवर्षी संस्थापक दिनाच्या आधी नव्या मुलांना चर्चमध्ये त्या व्यापाऱ्याच्या थडग्यापाशी नेऊन ही गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ती रंगवून सांगायची. लबाड मास्तरांच्या भागाला मुलं हसायची. शेवटी मी म्हणायची, "ही शाळा या गावातल्या मुलांना दिलेली आहे. बाकी आपण सगळे इथे पाहुणे." फी भरणाऱ्या मुलांना त्याची गंमत वाटायची.

ती मला तिथेच पहिल्यांदा दिसली. कौन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या घरांतली मुलगी, गावच्या जागेवर आलेली. वडील बेकरीची व्हॅन चालवायचे, आई होजिअरीच्या फॅक्टरीत होती. ब्लेझर पुढच्या दोन वर्षांचा विचार करून घेतलेला, त्याच्या बाह्या आतून टाचलेल्या. संस्थापक दिनाला गावच्या जागांवरची मुलं स्टेजवर जाऊन विश्वस्तांचे आभार मानायची, अशी तेव्हा पद्धत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने हात वर केला.

"मिस, शाळा जर आम्हाला दिलीय, तर मग थँक यू आम्ही का म्हणायचं?"

सगळी मुलं हसली. मी हसले नाही. मी म्हटलं, "हा प्रश्न सोडू नकोस." आणि त्या दिवसापासून ती माझी झाली, असं मला वाटलं.

तिच्या आईची शिफ्ट संध्याकाळची असायची, म्हणून शाळा सुटल्यावर ती आमच्याकडे यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला आमची लेक, दुसऱ्या टोकाला ती. मी उपमा केला की ती त्यावर टोमॅटो केचप घालून खायची आणि माझे यजमान कपाळाला हात लावायचे. शाळेत मी मिस, घरी काकू. काकू हा शब्द ती अगदी आपल्यासारखा म्हणायची. फिजिक्स तिला माझ्या यजमानांनी शिकवलं. तिच्या पहिल्या पासपोर्टच्या फोटोमागे ओळखीच्या डॉक्टरची सही हवी होती, तीही त्यांचीच. दिवाळीत ती आमच्याबरोबर चकल्या पाडायला बसायची आणि मोडलेल्या चकल्या कच्च्याच तोंडात टाकायची.

ती डरहमच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, मग शिक्षिका झाली, मग लंडनकडे कुठेकुठे डेप्युटी हेड झाली. दर दिवाळीला तिचं कार्ड यायचं. मी निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी शाळेला नवी हेड, म्हणजे मुख्याध्यापिका, हवी होती, आणि निवड तिचीच झाली. गावच्या जागेवर शिकलेली हेड शाळेला याआधी कधी मिळाली नव्हती. नेमणूक झाली त्या दिवशी ती शाळेतून थेट आमच्या घरी आली. माझे यजमान तेव्हा होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला मराठीत म्हणाले, "आपलीच आली बघ." तिने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी निवृत्त असूनही थडग्यापाशी गोष्ट सांगायचं काम तिने माझ्याकडेच ठेवलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझे यजमान आजारी पडले आणि त्यांच्या शेवटच्या महिन्यांत आमच्या समोरच्या घरातल्या बाईची खरी ओळख झाली. ती केअरर आहे. घरोघर जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांचं करते. नवरा सोडून गेलेला, एकच मुलगी. एजन्सीकडून सकाळी तीच यायची, पण संध्याकाळी काम संपल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, घरातल्या सपाता घालून रस्ता ओलांडून यायची आणि त्यांना कुशीवर वळवायला मला मदत करायची. "तुमची पाठ गेली तर मला दोघांचं करावं लागेल," म्हणायची. ते गेले तेव्हा माझी लेक लंडनमधल्या ईलिंगहून पोचेपर्यंत तीच माझ्याजवळ बसून होती.

तिची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती पुस्तक हातात घेऊनच रस्ता ओलांडायची आणि आईचा ओरडा खायची. मी दर शनिवारी तिला शिकवायला लागले. गावच्या जागेसाठी जानेवारीत परीक्षा असते, ती तिने द्यायची असं आमचं ठरलं.

तिची परीक्षा पुढच्या जानेवारीवर आली, त्या वसंतात गावात कुजबुज सुरू झाली. निवडणूक झाली की खासगी शाळांच्या फीवर व्हॅट बसणार, शाळेला खर्च झेपणार नाही, म्हणून विश्वस्त गावच्या जागा बंद करणार. शाळेला त्याच सुमारास मोठा स्पोर्ट्स हॉल बांधायचा होता आणि त्याची परवानगी कौन्सिलकडे अडकली होती; गावातून हरकती गेल्या तर ती मिळणं कठीण होतं. लोक चिडले. टाऊन हॉलमध्ये सभा ठरली.

सभेच्या आदल्या दिवशी हेड माझ्याकडे आली. नेहमीसारखी मागच्या दाराने, स्वयंपाकघरात. मी चहा केला, आलं घालून, तिला आवडतो तसा.

"उद्या तुम्ही बोलाल का?" तिने विचारलं. "माझ्यावर ते ओरडतील. तुमचं ऐकतील. निम्म्या गावाला तुम्ही शिकवलंय."

"काय बोलू?"

"की जागा राहणार आहेत."

मी तिच्याकडे पाहिलं. "राहणार आहेत ना?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "काकू, राहणार नसत्या तर मी इथे येऊन बसले असते का?"

मी आणखी काही विचारलं नाही. तिच्यावर शंका कोण घेणार? तिच्याइतकं त्या जागांचं मोल कुणाला ठाऊक होतं?

टाऊन हॉल भरला होता. मागे लोक उभे होते. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ काहीतरी गोलगोल बोलले आणि लोकांनी त्यांना खाली बसवलं. मग मी उठले. व्यापाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि म्हटलं, "ज्या मुलीने मला विचारलं होतं की थँक यू आम्ही का म्हणायचं, ती आज या शाळेची हेड आहे. गावच्या जागा राहणार आहेत असं तिने मला सांगितलंय, आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे."

मागून एका माणसाने विचारलं, "हा तुमचा शब्द का?"

"हो, माझा शब्द."

टाळ्या पडल्या. लोक पांगले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या हेडने मान हलवून माझे आभार मानले. दोन-तीन आठवड्यांनी स्पोर्ट्स हॉलला परवानगी मिळाली.

सभेच्या रात्री घरी परत येताना समोरची बाई माझ्याबरोबर चालत होती. शेजारच्या काउंटीत अजून सरकारी ग्रामर स्कूल आहेत. फी नसते, पण तिथे इलेव्हन-प्लसची, म्हणजे अकराव्या वर्षीची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिची नावनोंदणी उन्हाळ्यातच बंद होते. तिथल्या एका शाळेपर्यंत रोज लांबचा बसप्रवास पडला असता.

"मी तिकडे नाव घालून ठेवणार होते," ती म्हणाली. "नुसतं आपलं असावं म्हणून. पण दोन-दोन परीक्षांचा अभ्यास म्हणजे पोर दमून जाईल. आता नाही घालत. तुम्ही म्हणालात ना."

मी म्हटलं, "नको घालूस."

ऑक्टोबरात एका सकाळी ती दारात उभी राहिली. कामावर जायचा निळा अंगरखा अंगात, हातात फोन. आत ये म्हटलं तरी आली नाही. फोन माझ्यापुढे धरला. शाळेच्या वेबसाइटवर नवी घोषणा होती. पुढच्या वर्षीच्या प्रवेशांपासून गावच्या जागांऐवजी संस्थापकाच्या नावाची शिष्यवृत्ती. देशातल्या कुठल्याही मुलाला अर्ज करता येईल. निवडलेल्या मुलांना फीमध्ये सूट.

"सूट म्हणजे किती?" मी विचारलं, जणू तिलाच ठाऊक असणार.

"फार तर निम्मी. मी शाळेत फोन केला होता." तिचा आवाज अगदी शांत होता. "मी कामावरच्या बायकांनाही सांगितलं होतं. तुमचं नाव घेऊन सांगितलं होतं."

"काहीतरी चूक झाली असेल. मी जाऊन येते."

"चूक नाहीये," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गाडीत बसली.

मी तशीच निघाले. स्वेटरही घ्यायचा राहिला. हेडच्या ऑफिसात मी नोकरीत असताना जी जुनी ओकची खुर्ची होती, ती जाऊन तिथे करड्या रंगाचे सोफे आले होते. ती उठून पुढे आली.

"काकू, बसा ना."

"तुला माहीत होतं?"

"बसा तर आधी."

"माझ्या स्वयंपाकघरात बसून माझा हात धरलास, तेव्हा तुला माहीत होतं?"

ती खिडकीपाशी गेली. "विश्वस्तांचं त्याआधीच ठरलं होतं. हॉलची परवानगी मिळेपर्यंत बाहेर बोलायचं नव्हतं. हॉल नसता झाला तर फी भरणारेही दुसऱ्या शाळांत गेले असते आणि शाळाच बंद पडली असती. मग कुणालाच काही मिळालं नसतं."

"मग मला तसं सांगायचंस."

"तुम्ही बोलला नसतात."

हे ती इतकं सरळ म्हणाली की मी बसले.

"आणि मी खोटं नाही बोलले," ती पुढे म्हणाली. "जागा राहतील म्हणाले, त्या आहेतच. संस्थापकाचं नावसुद्धा आहे."

"निम्मी फी माफ. उरलेली केअररने कुठून आणायची? तुझ्या बापाने कुठून आणली असती?"

बापाचं नाव काढल्यावर तिचा चेहरा बदलला. तिला मी चिडलेली फार थोड्या वेळा पाहिली आहे.

"तुम्हाला त्या जागांचं एवढं प्रेम आहे," ती म्हणाली, "कारण तुम्ही कधी त्या जागेवर बसला नाहीत. सात वर्षं रोज कृतज्ञ राहायचं म्हणजे काय असतं तुम्हाला माहितीय? माझे बूट कुठून आणले ते सगळ्या वर्गाला माहीत असायचं. कुणी काही दिलं की हसायचं. आवडो न आवडो, हसायचं."

"ते शाळेत. माझ्या घरी—"

"तुमच्या घरीसुद्धा, मिस."

काकू नाही, मिस म्हणाली.

"तुमच्या घरी सगळ्यात जास्त," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही इतक्या चांगल्या होतात की मला कधी कंटाळा आलाय असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती."

ती जे बोलली त्यात काही खरं असेल, आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पण त्या दिवशी तिने ते मला समजावं म्हणून सांगितलं नव्हतं. माझा आवाज बंद व्हावा म्हणून सांगितलं होतं, आणि तो झाला. समोरच्या घरातल्या मुलीला शाळा नाकारायला तिने स्वतःचं बालपण पुढे केलं. मी उठले आणि बाहेर आले. जिन्यात एका मुलाने माझ्यासाठी दार धरलं, त्याला थँक यू म्हणायचंही भान राहिलं नाही.

रात्री लेकीला फोन केला. तिचं मराठी इथेच वाढलेल्या मुलांचं. "आई, ती तुला यूज केली," ती म्हणाली. "सिंपल आहे. तू अजून तिला डिफेंड का करते?" मी म्हटलं, मी डिफेंड करत नाहीये. पण करत होते. मी तिला सांगत होते की विश्वस्तांनी दबाव आणला असेल, हेडची नोकरी गेली असती. लेक म्हणाली, "त्या टेबलवर मी पण बसायची, आई. माझं होमवर्क तू कधी पाहिलं?"

त्या आठवड्यात माझ्याच घरातलं हे मला नव्याने कळलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ते आम्हा दोघींचं आहे आणि आम्ही ते बोलून घेतलं आहे.

मग मी मला जे करता येण्यासारखं होतं ते केलं. धर्मादाय संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार केली. तिथून सभ्य भाषेत कळवण्यात आलं की मूळ मृत्युपत्रातल्या अटी पूर्वीच बदलल्या गेल्या आहेत आणि विश्वस्तांनी जे केलं ते त्यांच्या अधिकारात बसतं. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात गळलेला 'फुकट' हा शब्द परत यायला आता जागाच नव्हती. हा सगळा इतिहास मी इतकी वर्षं थडग्यापाशी उभी राहून मुलांना हसवत सांगत होते. लबाड मास्तर ही जुन्या काळातली गंमत आहे, असं समजून.

गावात दुसरी सभा झाली. पहिलीपेक्षा माणसं कमी होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी तुम्हाला शब्द दिला होता, तो खोटा ठरला. मला जे सांगितलं गेलं ते मी तुम्हाला सांगितलं, पण विचारून खात्री करून घेतली नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाठीवर थोपटलं. आणि माझाच एक जुना विद्यार्थी, ज्याचा मुलगा त्या वर्षी परीक्षेला बसणार होता, शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यांना माहीतच होतं. दोघी एकाच टेबलावर जेवायच्या." मी ते ऐकलं आणि घरी आले.

दिवाळीला हेडचा मेसेज आला. कार्ड नव्हतं, फोनवर, इंग्रजी अक्षरांत 'शुभ दीपावली काकू', पुढे एक पणती. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या वर्षी मेसेज आला नाही. संस्थापक दिनाच्या गोष्टीसाठी मला पुन्हा बोलावणं आलं होतं, तिच्या सेक्रेटरीकडून, अगदी काही झालंच नाही अशा थाटात. मी नाही म्हणून कळवलं. आता ती गोष्ट कोण सांगतं, कशी सांगतं, मला ठाऊक नाही.

समोरच्या बाईने शनिवारची शिकवणी बंद केली. मी एकदा जाऊन विचारलं, परीक्षा नसली म्हणून काय झालं, पोरीला येऊ दे. दारातच उभी राहून ती म्हणाली, "नको, थँक्स. आमचं ठीक चाललंय." दार लावताना आवाज होऊ नये म्हणून तिने ते हळू लावलं. पुढच्या सप्टेंबरपासून मुलगी रिंग रोडपलीकडच्या, परीक्षेशिवाय सगळ्यांना घेणाऱ्या सरकारी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत जायला लागली. चांगली शाळा आहे, वाईट म्हणायचं कारण नाही. पण तिथे लॅटिन नाही, आणि त्या पोरीला लॅटिनचं वेड लागलं होतं. मीच लावलं होतं.

वर्षभराहून अधिक काळ आम्ही दोघी एकमेकींना रस्त्याच्या दोन बाजूंनी नुसती मान हलवत राहिलो. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना. ज्या बाईने माझ्या नवऱ्याला आंघोळ घातली होती, तिच्याशी मी हवेबद्दलसुद्धा बोलू शकत नव्हते. शाळेच्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हेच लागलं. एकीने विश्वासघात केला तो केला, आणि दुसरीच्या नजरेत तोच विश्वासघात माझ्या नावावर लागला.

या जानेवारीत एका सकाळी तिची गाडी सुरू होईना. मी खिडकीतून पाहत होते. तिने दोनदा बॉनेट उघडून बंद केलं. मी कोट घातला, बाहेर गेले आणि माझ्या गाडीचं दार उघडून उभी राहिले. ती क्षणभर घुटमळली आणि आत बसली.

पहिला पेशंट कुठे आहे ते तिने सांगितलं. कालव्याच्या पुलावर सिग्नल लागला तेव्हा तिने समोर बघतच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मला वाटलंच होतं." ती खिडकीबाहेर पाहायला लागली. "पण त्या हेडवर रागावून मी काय करणार? ती मला ओळखतसुद्धा नाही. तुम्ही समोरच राहता."

सिग्नल सुटला. मी गाडी काढली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. पुढच्या वळणावर तिने सांगितलं की मुलीने शाळेच्या लायब्ररीतून रोमन लोकांचं एक जाडजूड पुस्तक आणलंय आणि टॉयलेटमध्येसुद्धा तेच घेऊन बसते. मी हसले. तीही थोडीशी हसली.

पेशंटच्या घरापाशी ती उतरली, बॅग खांद्याला लावली आणि वाकून काचेतून म्हणाली, "दुपारी थांबू नका माझ्यासाठी. बसने येईन मी."

"येते मी," मी म्हटलं. "कितीला सुटतेस?"

तिने वेळ सांगितली आणि ती आत गेली.